मधली बत्तीस

महापे, चौथा मजला. माझं काम नावं ठेवणं.
म्हणजे पाकिटाच्या बेचाळीस अक्षरी पत्त्याला
माणसाच्या तोंडात बसेल असं एक नाव.
आई नातेवाइकांत सांगते,
पोरगी नावं ठेवायचा पगार घेते,
आम्ही जन्मभर फुकट ठेवली.

नियम मी लिहिले.
नाव फोनवर सांगता यावं, खोकताखोकताही कळावं.
ह्रस्व-दीर्घ एकच धरावं, नाहीतर
सुनिताचे पैसे सुनीताला जातील
आणि भांडायला दोघी माझ्याकडे येतील.
कुरियन विचारतो, ह्रस्व म्हणजे नक्की काय?
मी म्हणते, घाईत लिहिलं जातं ते.

घरी जाताना रिक्षावाल्याला
सेक्टर, प्लॉट यातलं काही सांगत नाही.
"तीन टाकी" म्हणते.
सिडकोनं एवढे आकडे आखले,
लोकांनी पाणी तेवढं लक्षात ठेवलं.

मग हरेश्वर कोळ्याची तक्रार आली.
दिवाळे गावचा, तेलाच्या जहाजावर मोटरमन.
पगार डिजिटल डॉलरात,
तो बेलापूरच्या मावसभावाकडे धाडायचा,
मावसभाऊ रोख करून घरी द्यायचा.
या खेपेला पत्ता त्यानं जुन्या यादीतून उचलला.
यादीत एक सोंगाड्या येऊन बसला होता:
पहिली सहा अक्षरं तीच, शेवटची चार तीच.
कुणीतरी रात्रभर यंत्र चालवून
तसा पत्ता पाडून घेतला होता.
डोकं बघितलं, शेपूट बघितलं.
मधली बत्तीस कोण बघतं?

सहा महिन्यांचा पगार.

दिवाळ्याला गेले तेव्हा चांगुणाबाई
ओट्यावर कोळंबी सोलत होत्या.
आवाज न चढवता म्हणाल्या, "त्याचा नाव काय?"
नाव नाही, म्हटलं. पत्ता आहे.
"पत्ता हाय त जाऊन धराचा."
तसा पत्ता नाही तो.
एका कोळंबीचं डोकं पिरगाळून
त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
"मंग बोटां मोराची त कुनाचे नावानं?"

नियमावलीत याला कलम नव्हतं.

पुढच्या पगारासाठी नाव घेऊ, मी म्हटलं.
एकवीरा गेलेलं. एकवीराआई गेलेलं.
हरेश्वर गेलेलं, मागे आकडे लावून एकोणचाळीस वेळा.
दर्याराजा कुणी विकायला मांडलेलं,
किंमत ऐकून चांगुणाबाई पहिल्यांदा हसल्या.
गावात चार हरेश्वर, म्हणाल्या,
पण एकाचं कालवण दुसऱ्याच्या ताटात
कधी गेलं नाही.
एक टकल्या, एक फौजदार, एक मिठाई.
आणि तुमचा?
"वाकटी."
जन्मला तेव्हापासून तसाच, लांब आणि चपटा.

टाइप केलं. वाकटी मोकळं होतं.
आपणहून कोण घेईल?
पाच वर्षं मी लोकांना सांगत आले,
तुमचं नाव तुम्ही निवडा.

एक सांगायचं होतं, तेही सांगितलं:
हे नाव ज्याला कळेल
त्याला पगाराचा आकडाही दिसेल.
"गावाला काय दिसत नाय?" एवढंच म्हणाल्या.

निघताना त्यांनी हात धुतले, पदराला पुसले.
"त्या चोराचा वाच."
मी फोन काढला. शून्य, एक्स...
"ता नको. मधला."

मधलं मीही कधी वाचलं नव्हतं.
सात. सी. नऊ. नऊ. एफ.
एका अक्षराला एक बोट,
कानशिलाशी नेऊन, कट्.
चार. बी. शून्य. ई. एक.
दहाव्याला बोटं संपली.
अजून बावीस होती.

मी पुढचं वाचू लागले तर
त्यांनी हात वर केला, ओला, खवल्यांचा.
थांब जरा, म्हणाल्या,
बोटं लगेच पुन्हा वाजत नाहीत.